यंत्राने रोग दाखवला, पगाराचे काय?

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड या छोट्या शहराचे नाव साऱ्या जगाने ऐकले. सिॲटलच्या शेजारी असलेल्या या शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये कोरोना शिरला. १८ मार्चपर्यंत या एका इमारतीशी संबंधित १६७ जणांना त्याची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांत १०१ तिथे राहणारे होते, ५० कर्मचारी होते आणि १६ जण भेटीला येऊन गेलेले होते. बाधा झालेल्या रहिवाशांपैकी दर तिघांमागे एक दगावला. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या, स्वतःला महासत्ता म्हणवून घेणाऱ्या देशाला आपल्याच म्हाताऱ्या आईबापांच्या खोलीचे दार राखता आले नाही.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की दहा-पंधरा खाटांचे खासगी इस्पितळ डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतले नर्सिंग होम म्हणजे ते नव्हे. ज्यांना स्वतःहून उठता-बसता येत नाही, ज्यांना आंघोळ घालावी लागते, घास भरवावा लागतो, कूस बदलून द्यावी लागते, अशा वृद्ध आणि अपंग माणसांना कायमचे ठेवून घेणारी ती शुश्रूषागृहे आहेत. साथ येण्यापूर्वी अशी सुमारे १५ हजार गृहे तिथे होती आणि त्यांत साधारण १३ लाख माणसे राहत होती. साथीचा सर्वात मोठा घाव बसला तो इथे. शुश्रूषागृहे आणि वृद्धांच्या इतर निवासी संस्था मिळून २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन लाखांहून अधिक रहिवासी आणि कर्मचारी कोरोनाने गेले.

या संहारानंतर एक चर्चा जोरात सुरू झाली. तंत्रज्ञान वापरा, शुश्रूषागृहे सुधारतील. दाराशी थर्मल गन लावा, पडद्यावर डॉक्टर आणा, म्हाताऱ्यांच्या हाती टॅबलेट द्या, नोंदी संगणकावर ठेवा. आम्ही या चर्चेच्या विरोधात नाही. विज्ञानाला नाकारणारी आमची परंपरा नाही. पण यंत्र आले म्हणजे न्याय आला, असे मानण्याइतके भोळेही आम्ही नाही. यंत्र कोणाच्या हाती आहे, ते कोणाच्या अंगावर तपासून पाहिले आहे आणि त्याने दाखवलेले सत्य कोण ऐकतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही यंत्राचे कौतुक करू नये. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांची हकिगत हे तीन प्रश्न किती मोलाचे आहेत ते दाखवून देते.

दारातली थर्मल गन

सुरुवात दारापासूनच करू. १३ मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या संघराज्य सरकारने शुश्रूषागृहांत नातेवाइकांना येण्यास मनाई केली आणि आत येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा ताप मोजण्याची सूचना दिली. कपाळासमोर धरायची थर्मल गन घेऊन माणूस दारात उभा राहिला. ताप नाही, तर आत जा.

पण हा रोग तापाची वाट पाहत नव्हता. कर्कलंड ज्या किंग काउंटीत येते त्याच काउंटीतल्या दुसऱ्या एका शुश्रूषागृहात त्याच मार्च महिन्यात ७६ रहिवाशांच्या घशा-नाकातले नमुने घेण्यात आले. ४८ जण बाधित निघाले. त्यांपैकी २७ जणांना तपासणीच्या दिवशी कोणतेही लक्षण नव्हते. पुढे त्यांतल्या २४ जणांना लक्षणे दिसू लागली. म्हणजे अर्ध्याहून अधिक बाधितांना थर्मल गनने निरोगी ठरवून मोकळे सोडले असते. इथे हवी होती ती सर्वांची वारंवार चाचणी आणि तिचा निकाल लगेच हाती येण्याची सोय. झटपट चाचणीची यंत्रे शुश्रूषागृहांना पाठवण्याची सरकारी घोषणा झाली ती जुलै २०२० मध्ये. तोपर्यंत हजारोंच्या अंत्ययात्रा निघून गेल्या होत्या. स्वस्त आणि दिसायला सोपे यंत्र आधी आले. कामाचे यंत्र चार महिने उशिरा आले.

रोग कोणाच्या पायांनी चालत गेला?

कर्कलंडची चौकशी करणाऱ्या सरकारी साथरोगतज्ज्ञांनी मार्च २०२० मध्येच आपला अहवाल प्रसिद्ध केला. रोग का पसरला याची कारणे त्यात दिली आहेत. संरक्षणाचे साहित्य अपुरे होते, लागण वेळेवर ओळखली गेली नाही, ही कारणे तर होतीच. पण आणखी दोन कारणे होती. कर्मचारी आजारी असताना कामावर येत होते आणि एकाहून अधिक शुश्रूषागृहांत काम करत होते.

वरवर वाचणारा म्हणेल, काय हा बेजबाबदारपणा! अंगात कणकण असताना ही बाई म्हाताऱ्यांना भरवायला गेलीच कशी? आम्ही विचारतो, ती घरी बसली असती तर तिच्या घरची चूल कोण पेटवणार होते?

अमेरिकेतल्या शुश्रूषागृहात रहिवाशाची खरी सेवा डॉक्टर करत नाही, फारशी परिचारिकाही करत नाही. ती करते मदतनीस. हगणे-मुतणे काढते, अंग पुसते, कपडे चढवते, व्हीलचेअरवर बसवते. या मदतनिसांत दहापैकी नऊ स्त्रिया आहेत. निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी, आशियाई अशा गौरेतर समाजांतल्या आहेत. २०२० मध्ये तासाला १५ डॉलरही त्यांच्यातल्या निम्म्या जणींना मिळत नव्हते. जगभर हेच आहे. माणसाच्या शरीराची घाण ज्याने उचलायची, त्याला समाजाने शेवटच्या पायरीवर बसवायचे. नावे बदलतात, देश बदलतात, पायरी तीच राहते. आमच्या वाचकांना ती पायरी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

एका गृहातल्या पगारावर भागत नाही म्हणून ही बाई सकाळी एका ठिकाणी, संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी राबते. आजारपणाची भरपगारी रजा नाही म्हणून ताप अंगावर काढते. मार्च २०२० मध्ये अमेरिकी संसदेने साथीपुरती भरपगारी आजारी रजा देणारा कायदा केला खरा. पण त्यातून पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कंपन्या वगळल्या आणि आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना ही रजा न देण्याची मुभा मालकांना दिली. ज्यांना रजेची सर्वाधिक गरज, त्यांच्यासाठीच कायद्यात पळवाट! याला योगायोग म्हणायचे काय?

फोनने दिलेली साक्ष

आता तंत्रज्ञानाने केलेले एक चांगले काम पाहू. कीथ चेन, ज्युडिथ शेव्हॅलिए आणि एलिसा लाँग या तीन संशोधकांनी मोबाइल फोनच्या ठावठिकाण्याची माहिती घेतली. माणसांची नावे त्यात नव्हती. कोणता फोन कोणत्या इमारतीत किती वेळ होता, एवढेच होते. नातेवाइकांना बंदी झाल्यानंतरच्या अकरा आठवड्यांत जे फोन एखाद्या शुश्रूषागृहात तासाभराहून अधिक काळ होते, त्यांतले सुमारे ५ टक्के फोन दुसऱ्या शुश्रूषागृहातही जाऊन आले होते. नातेवाईक तर बाहेर होते. मग हे फोन कोणाचे? बहुतेक सारे कर्मचाऱ्यांचे.

या फोनांच्या येण्याजाण्यावरून संशोधकांनी गृहागृहांना जोडणारे जाळे काढले. जे गृह या जाळ्यात जास्त गुंतलेले, तिथे लागण जास्त. सरकार या गृहांना दर्जाचे तारे देते, एक तारा ते पाच तारे. त्या ताऱ्यांवरून साथ कुठे भडकेल याचा अंदाज येत नव्हता. कर्मचाऱ्यांच्या जाळ्यावरून येत होता. गृहागृहांमधला हा दुवा तोडला असता तर शुश्रूषागृहांतील लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली असती, असा त्यांचा हिशेब आहे. हे संशोधन २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध झाले.

या ४४ टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्या. हा दुवा तोडण्यासाठी कोणते नवे यंत्र लागत नव्हते. एका बाईला एकाच ठिकाणी पोटापुरता पगार आणि आजारपणाची रजा मिळाली असती, तर दुवा आपोआप तुटला असता. अब्जावधी रुपयांच्या उपग्रहांनी आणि फोनांनी मिळून शेवटी सांगितले काय? जे कोणत्याही कामगार वस्तीतली म्हातारी फुकट सांगेल तेच. एका पगारात पोट भरत नसेल तर माणूस दोन दारांत जाणार.

आणि हे करणे अशक्य होते असे कोणी म्हणू नये. शेजारच्या कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च २०२० च्या अखेरीसच कर्मचाऱ्याने एकाच गृहात काम करावे असा आदेश काढला. नुसता आदेश काढून बाईच्या पोटावर पाय दिला नाही. सर्व गृहांतले पगार युनियनने मिळवलेल्या वरच्या दराला आणून ठेवले आणि फरकाचा पैसा सरकारी तिजोरीतून दिला. ओंटारिओ प्रांताने असाच आदेश एप्रिलमध्ये, म्हणजे उशिरा काढला आणि एजन्सीमार्फत येणारे कंत्राटी कामगार त्यातून वगळले. पहिल्या लाटेत ब्रिटिश कोलंबियाच्या शुश्रूषागृहांत ओंटारिओच्या मानाने कितीतरी कमी माणसे मेली. इतर कारणेही असतील. पण वेळेवर दिलेला पगार हे त्यातले एक कारण आहे, हे झाकून ठेवता येणार नाही.

टॅबलेट कोणी धरायचा?

बंदीचे दुसरे अंग म्हणजे एकटेपणा. १३ मार्च २०२० ला बंद झालेले दार सप्टेंबर २०२० मध्ये किलकिले झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जवळपास पूर्ण उघडले. या काळात कितीतरी माणसे लेकराबाळांचे तोंड न पाहता गेली. मग सरकारने तोडगा काढला, पडद्यावर भेट घडवा. नियम मोडणाऱ्या शुश्रूषागृहांकडून दंड वसूल होतो. त्या दंडाच्या निधीतून टॅबलेट घेण्यास एप्रिल २०२० मध्ये परवानगी मिळाली. मर्यादा किती? सात ते दहा रहिवाशांमागे एक टॅबलेट आणि एका गृहाला जास्तीत जास्त ३ हजार डॉलर.

आम्ही या सोयीला हसत नाही. मरणाच्या दारात असलेल्या आईचा चेहरा पडद्यावर का होईना दिसला, हे ज्याला दिसले त्याला विचारा. मार्च २०२० मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्यातून पडद्यावरील वैद्यकीय तपासणीचे पैसे देण्याचे नियमही सैल झाले आणि डॉक्टर गृहात न येता रोग्याला पाहू लागले. इस्पितळात हलवण्याची दगदग काहींची वाचली. ही तंत्रज्ञानाची खरी मिळकत आहे.

पण ज्या म्हाताऱ्याला धड दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याला समोरचा आपला मुलगा आहे हेही आठवत नाही, त्याच्यासमोर टॅबलेट धरणार कोण? नंबर लावणार कोण? तोंडाजवळ नेऊन, बाबा बोला, असे सांगणार कोण? तीच मदतनीस. पडद्यावरचा डॉक्टर म्हणतो, जरा पाठ वळवून दाखवा, पायाची सूज दाबून पाहा. दाबणार कोण? तीच मदतनीस. एका बाईच्या माथी दहा-बारा रहिवासी, त्यात निम्म्या सोबतिणी आजारी पडलेल्या आणि त्यावर हे नवे काम. टॅबलेटसाठी निधी मिळाला. तो धरणाऱ्या हातासाठी वेगळा पैसा मात्र त्या मंजुरीत नव्हता. तंत्रज्ञान माणसाचे काम कमी करते असे पुस्तकात लिहिलेले असते. शुश्रूषेच्या कामात पुष्कळदा ते एका माणसाचे काम कमी करून खालच्या माणसाचे काम वाढवते.

मेलेल्यांची मोजदादही उशिरा

नोंदींची गोष्ट तशीच. २००९ मध्ये अमेरिकेने कायदा करून इस्पितळांना आणि डॉक्टरांना कागदी नोंदी सोडून संगणकावर नोंदी ठेवण्यासाठी अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन दिले. शुश्रूषागृहांना त्यातून वगळले. अकरा वर्षांनी साथ आली तेव्हा इस्पितळातून परत पाठवलेल्या रोग्याची माहिती कितीतरी गृहांना फॅक्सने किंवा कागदाच्या गठ्ठ्याने मिळत होती. ज्यांना वगळायचे त्यांना आधी वगळायचे आणि मग हे मागासलेले आहेत म्हणून नाक मुरडायचे. हा खेळ आपल्याला नवा आहे काय?

कोणत्या गृहात किती आजारी, किती मेले, ही माहिती संघराज्य सरकारकडे दर आठवड्याला कळवणे सक्तीचे झाले ते मे २०२० मध्ये. त्याआधीचे आकडे देणे ऐच्छिक ठेवले. म्हणजे सर्वात भीषण अशा मार्च-एप्रिलमधल्या कितीतरी मृतांची गृहवार सरकारी मोजणीच पुरी झालेली नाही. ज्याची मोजणी नाही त्याच्या मरणाला कोणी जबाबदार नाही. म्हणूनच शोषितांच्या प्रत्येक चळवळीने आधी आकडे मागितले आहेत. मे २०२० नंतर आकडे जाहीर होऊ लागले तेव्हाच खरे चित्र पुढे आले. १३ हजारांहून अधिक शुश्रूषागृहांचे आकडे तपासणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गृहांत गौरेतर रहिवाशांचे प्रमाण सर्वाधिक, तिथले मृत्यू सर्वाधिक गोऱ्या रहिवाशांच्या गृहांच्या ३.३ पट होते. ही गृहे मोठी, गर्दीची होती आणि ज्या भागांत साथ जोरात होती तिथे होती. वस्ती वेगळी, शाळा वेगळी, म्हातारपणीची खाटही वेगळी. माणूस अंथरुणाला खिळला तरी वर्णभेद त्याची पाठ सोडत नाही, हे संगणकाने आकड्यांत मांडून दिले. हेही तंत्रज्ञानाचेच काम. आकडे उघड केले तर तंत्रज्ञान शोषितांच्या बाजूने साक्ष देते. दडवले तर तेच तंत्रज्ञान मुके होते.

रंग पाहणारे यंत्र

आता सर्वात गंभीर गोष्ट. बोटाला चिमट्यासारखे लावायचे ऑक्सिमीटर आता घरोघर माहीत झाले आहे. शुश्रूषागृहांत रहिवाशांची रोज पाहणी करताना ते वापरावे असा सरकारी सल्ला होता. आकडा बरा असेल तर थांबा, घसरला तर इस्पितळात हलवा. कितीतरी प्राण त्या छोट्या आकड्यावर टांगलेले होते.

हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवते आणि रक्ताने त्यातला किती शोषला त्यावरून प्राणवायूचे प्रमाण सांगते. पण त्वचेतले काळे रंगद्रव्यही प्रकाश शोषते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी इस्पितळातल्या रोग्यांच्या मोजण्या ताडून पाहिल्या. यंत्राने ९२ ते ९६ असा बरा आकडा दाखवला असताना रक्त काढून तपासल्यावर प्राणवायू ८८ च्या खाली निघाला, असे गोऱ्या रोग्यांच्या ३.६ टक्के मोजण्यांत घडले. कृष्णवर्णीय रोग्यांच्या मोजण्यांत हेच प्रमाण ११.७ टक्के होते. जवळजवळ तिप्पट! काळ्या माणसाचा श्वास कोंडतो आहे आणि यंत्र सांगते आहे, सारे ठीक आहे.

हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. १९९० मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये संशोधकांनी ही चूक दाखवली होती. पण यंत्र विकत राहिले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. यंत्रे अधिक विविध रंगांच्या लोकांवर तपासावीत अशा नव्या सूचनांचा मसुदा आला तो जानेवारी २०२५ मध्ये. ब्रिटन सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समितीनेही मार्च २०२४ च्या अहवालात वैद्यकीय उपकरणांतल्या अशा पक्षपाताची दखल घेतली. यंत्राला जात नसते, वंश नसतो, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. यंत्र बनवणाऱ्याने कोणाचे बोट समोर ठेवून ते बनवले, तिथे वंश येतो. कोणी मुद्दाम काळ्या माणसाला मारायला हे यंत्र बनवले असे आम्ही म्हणत नाही. त्याचे बोट कोणाला आठवलेच नाही, एवढेच म्हणतो. विस्मरणही अन्यायच असतो आणि त्याने मेलेला माणूस तितकाच मेलेला असतो.

याचा आपल्याशी संबंध थेट आहे. १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम झाली. पथके घरोघर फिरली. हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर. बोट ज्यांचे तपासले त्यांत उन्हात राबून रापलेली, सावळी-काळी माणसे बहुसंख्य. हे यंत्र कोणत्या रंगाच्या माणसांवर तपासून आणले आहे, असा प्रश्न खरेदी करताना कोणी विचारला काय? आणि ते यंत्र घेऊन उन्हातान्हात फिरली कोण? मानधनावर राबणारी आशा. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना मानधन वाढवून घेण्यासाठी संपावर जावे लागले. अमेरिकेतली मदतनीस आणि आपली आशा यांची भाषा वेगळी, दुखणे एकच. यंत्र त्यांच्या हाती दिले जाते, मोबदला मात्र हात राखून दिला जातो.

यंत्र आणि माणूस जिथे जुळले

सारे काही वाईटच घडले असे नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ नावाचा उपक्रम सुरू केला होता. दूरच्या खेड्यातल्या डॉक्टरांना पडद्यावरून तज्ज्ञांशी जोडायचे, ज्ञान मोठ्या शहरात अडवून ठेवायचे नाही, ही त्यामागची कल्पना. २०२० मध्ये सरकारी निधीतून हीच पद्धत शुश्रूषागृहांसाठी वापरली. ९ हजारांहून अधिक गृहे त्यात आली. सोळा आठवडे, दर आठवड्याला दीड तास, तीस-पस्तीस गृहांचे कर्मचारी एका पडद्यावर जमत. मुखपट्टी कशी घालायची, खोल्या कशा वेगळ्या करायच्या, लस घ्यायला घाबरणाऱ्या सहकाऱ्याशी कसे बोलायचे, हे शिकत आणि आपले अनुभवही सांगत. भाग घेणाऱ्या गृहाला त्या वेळेचे पैसे मिळत.

इथे तंत्रज्ञान कामाला आले. का आले? कारण ते माणसावर पाळत ठेवायला किंवा माणूस कमी करायला वापरले नव्हते. ज्ञान खालपर्यंत पोहोचवायला वापरले होते. ज्ञानाची दारे काहींनाच उघडी ठेवण्याची शिक्षा काय असते हे आपल्याइतके कोणाला कळते? म्हणून आम्ही या उदाहरणाला मान देतो.

पण साथ ओसरली आणि शहाणपणही ओसरले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने नियम केला. दर रहिवाशामागे रोज किमान ३.४८ तासांची प्रत्यक्ष शुश्रूषा मिळेल इतके कर्मचारी ठेवलेच पाहिजेत. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. टॅबलेट घ्यायला कोणाचा विरोध नव्हता. माणसे नेमायला मात्र विरोध झाला. दोन लाख माणसे गेल्यावरही हा धडा न घेणारी व्यवस्था पुढच्या साथीला काय तोंड देणार?

आपण काय मागायचे?

वाचकहो, अमेरिकेची ही कहाणी सांगण्यामागे आमचा हेतू तिची निंदा करणे हा नाही. आपल्या शहरांतही आता वृद्धाश्रम आणि घरी शुश्रूषा पुरवणारे ब्युरो वाढत आहेत. तिथे बारा-बारा तासांच्या पाळीने राबणारी मावशी, आया आणि वॉर्डबॉय कोणत्या वस्त्यांतून येतात हे आपण रोज पाहतो. उद्या तिथेही यंत्रे येतील. आली पाहिजेत. पण ती येताना आपण गप्प बसून चालणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कारखान्यात यंत्र आले म्हणून कामगाराचे तास कमी झाले नाहीत. कायदा आला म्हणून झाले. यंत्राचा लाभ कष्टकऱ्यापर्यंत पोहोचवायचा तर मध्ये कायदा उभा राहावा लागतो, हा त्याचा अर्थ. शुश्रूषेच्या क्षेत्रालाही तोच नियम लागू आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकीला एका कामात पोट भरेल एवढे वेतन आणि आजारपणाची भरपगारी रजा मिळाली पाहिजे, कारण साथीत सर्वात मोठा अडसर तोच आहे. सरकारने खरेदी केलेले प्रत्येक वैद्यकीय उपकरण काळ्या-सावळ्या त्वचेवर तपासल्याचा पुरावा जाहीर झाला पाहिजे. प्रत्येक संस्थेतले आजारी आणि मृत यांचे आकडे लोकांसमोर आले पाहिजेत. नवे यंत्र आणताना ते चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारात झाले पाहिजे. आपल्यातले जे तरुण संगणकाच्या, वैद्यकाच्या क्षेत्रात गेले आहेत त्यांनी यंत्र बनवणाऱ्यांच्या टेबलावर बसून विचारले पाहिजे, यात माझ्या आईचे बोट मोजले आहे काय?

पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती आली तर दाराशी थर्मल गन घेऊन माणूस पुन्हा उभा राहील. त्या दारातून आत जाणाऱ्या बाईच्या खिशात आजारपणाची रजा आहे की नाही, याची तजवीज मात्र आजच करावी लागेल. आपापल्या वस्तीतल्या मावशींना, आयांना आणि आशांना संघटित करण्यापासून त्याची सुरुवात होऊ शकते.